जाधवबाईंची गाडी बाजारपेठेतून गेली

तुमच्या गावात अशी कोणती गल्ली आहे, जिच्यातून तुमची पालखी जाते, वरात जाते, तुमचा कुत्रासुद्धा जातो, पण शेजारच्या वस्तीची मिरवणूक जात नाही? "आमच्याकडे असलं काही नाही," असं घाईने म्हणू नका. आमच्या गावातही सगळे तेच म्हणायचे. एक जाधवबाई सोडून.

गावाचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात. थळ आणि मांडवा यांच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे. समुद्राकडे सुरूची झाडं, त्यांच्या आड मुंबईकरांचे बंगले, मग बाजारपेठेची एकच अरुंद गल्ली आणि गल्लीच्या पलीकडच्या टोकाला आमची बौद्धवाडी. जाधवबाई त्या वाडीतल्या आणि गावच्या मराठी शाळेत त्यांनी आम्हाला गणित शिकवलं. उंच, सडसडीत, खळ घातलेली सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. पर्समध्ये खारे शेंगदाणे. लग्न केलं नाही. कोणी का म्हणून विचारलं तर म्हणत, "कोणी पुरेसं कारण दिलं नाही."

"कारण सांगा" हे त्यांचं ब्रीद होतं. फळ्यावर उत्तर बरोबर आलं तरी त्या खडू खाली ठेवू देत नसत. "बरोबर आहे. कारण सांगा." सांगता आलं नाही तर उत्तर पुसून टाकायचं. एकदा तालुक्याचे साहेब शाळा तपासायला आले. सव्वीस जानेवारीच्या गाण्यासाठी पुढच्या रांगेत "जरा बऱ्या दिसणाऱ्या मुली" घ्या, असं सुचवून गेले. बाई व्हरांड्यातून त्यांच्या मागोमाग जीपपर्यंत गेल्या. "साहेब, कारण सांगा." साहेब हसले, घाम पुसला, पाऊस-पाण्याचं काही बोलले आणि जीपमध्ये बसले. पुढच्या रांगेत आम्ही उंचीप्रमाणे उभ्या राहिलो. मी त्या रांगेत होते. सगळ्यात बुटकी.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या हॉर्न वाजवत नसत. आधी स्कूटर होती, तिचाही नाही. गाईगुरं, पर्यटक, रस्त्यात उभे राहून गप्पा मारणारे लोक, सगळ्यांच्या मागे शांतपणे थांबायच्या. "हॉर्न म्हणजे मागून ओरडणं. मागून ओरडणाऱ्यांना मी जन्मभर बाकावर उभं केलंय, आता मीच ओरडू?" माझे वडील जयंतीला पुस्तिका-पत्रकांचा स्टॉल लावायचे, मी त्या पत्रकांवरच वाढले. पुढे स्वतः लिहायला लागले तेव्हा पहिलं पत्रक बाईंना दाखवलं. त्यांनी लाल पेनाने त्यातली सगळी उद्गारचिन्हं खोडली. "हे सगळे हॉर्न आहेत," म्हणाल्या. "एक ठेव. तोही अडलं तर."

आता गाडीचं.

समुद्राकडच्या एका बंगल्यात दोन दारांची, छत दुमडणारी, परदेशी बनावटीची मोटार पडून होती. बंगलेवाल्याच्या मुलाने हौसेने आणली, काही शनिवार-रविवार मांडव्याच्या रस्त्यावर फाडफाड आवाज करत फिरवली आणि मग त्याला दुसरं काही आवडलं. गाडी सुरूच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून राहिली. खाऱ्या हवेने तिला खायला सुरुवात केली. बाई निवृत्त झाल्या त्या हिवाळ्यात बंगल्याचा माळी सांगत आला की मालक म्हणतायत, कोणी घेऊन जाईल तर बरं.

बाईंनी घेतली. निवृत्तीच्या फंडातून.

वाडीत हाहाकार. त्यांची वहिनी ओट्यावर बसून ऐकवत होती, "लोक घर बांधतात. आमच्या वन्सं आगगाडी घेऊन आल्या."

"घर जागचं हलत नाही, वहिनी."

"म्हणूनच बांधतात!"

गाडी पहिल्यांदा वाडीत सुरू केली तो दिवस विसरण्यासारखा नाही. जुन्या मालकाने मूळचा सायलेन्सर काढून नुसते नळकांड्यासारखे पाइप लावले होते. बाईंनी चावी फिरवली आणि तोफ डागावी तसं झालं. माडावरचे कावळे उडाले, सखूआजीची म्हैस दावं तोडून खाडीकडे पळाली, पाळण्यातलं पोर रडायचंच विसरलं. बाईंनी लगेच गाडी बंद केली. चेहरा पडला होता. "ही हिची स्वतःची आवाजाची पट्टी नाही," एवढंच म्हणाल्या.

चाकंही मालकाने बदललेली होती. मोठ्या काळ्या रिमा आणि त्यांच्यावर पापडासारखं पातळ रबर. दिसायला ऐटदार, पण आपल्या रस्त्यांवर एका खड्ड्यात रिमेला चीर. मिठाने रिमेच्या कडा फुगल्या होत्या, तिथून हवा गळायची. रोज सकाळी एखादं चाक बसलेलं. बाई पदर खोचून पंप मारायच्या आणि जाणारे-येणारे विचारायचे, "काय बाई, विमान उडालं नाही अजून?"

मी तर भांडायलाच गेले. माझ्या वयाला शोभेल अशा भाषेत सांगितलं की ही शोषकांची गाडी आहे.

"होती," बाई पंप मारत म्हणाल्या. "आता माझी आहे."

"पण बाई, तत्त्व म्हणून काही—"

"तत्त्वाने चालत जा एसटी स्टँडपर्यंत. मी सोडत नाही."

मग दार उघडून म्हणाल्या, "बस. आणि ऐक. हिला ग्रँड टूरर म्हणतात. ही शर्यतीची गाडी नाही. माणसाने न दमता खूप लांब जावं म्हणून बनवलेली आहे. त्या पोराने हिला मांडव्याच्या पुढे नेलं नाही. लांब जाण्यासाठी बनलेल्याला एकाच रस्त्यावर फिरवत ठेवायचं, यात मला काहीतरी ओळखीचं वाटलं."

मी बसले. कातडी सीटला बुरशीचा वास येत होता आणि बाई राणीसारख्या दिसत होत्या. दोन्ही खरं आहे.

एप्रिल जवळ आला. आमच्याकडे जयंतीच्या आधी शांतता समितीची बैठक भरते. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये फौजदार, सरपंच, गावातले चार मानकरी आणि आमच्या वाडीतले दोघं-तिघं. चहा येतो. मग मिरवणुकीचा मार्ग ठरतो, म्हणजे आधीच ठरलेला वाचून दाखवतात: वाडीतून निघून खाडीकडच्या रस्त्याने शाळेच्या मैदानावर. बाजारपेठेतून नाही. कारण आवाज. बाजारपेठेत रमाकांतशेठ यांचं धान्याचं दुकान, वर घर आणि घरात त्यांची म्हातारी आई, जिला रक्तदाब. एका वर्षी आमच्या पोरांनी डीजे लावला होता आणि खिडक्या थरथरल्या होत्या, हे मी नाकारत नाही. पण मार्ग त्याच्या कितीतरी आधीपासून खाडीकडूनच होता. शिमग्याची पालखी मात्र ढोल-ताशांसकट शेठच्या दारावरून जाते, तिथे थांबते, नाचते.

बाईंनी मागे एकदा हे विचारलं होतं. "शेठ, पालखीच्या ढोलाने आईंचा रक्तदाब वाढत नाही का?"

"तो देवाचा आवाज, बाई."

त्या वर्षी मी हॉलच्या दारात उभी होते. चहा झाला, मार्ग वाचून झाला. शेठ मजेत होते. पाय हलवत म्हणाले, "डीजे तर सोडाच फौजदारसाहेब, आता बाईंची गाडीच डीजे झालीय. म्हैस अजून खाडीत हाय म्हणे." हॉल हसला. शेठना आणखी चढलं. "मी सांगतो, ती गाडी आवाज न करता माझ्या दारावरून गेली ना, तर तिच्यातच तसबीर ठेवून खुशाल आणा मिरवणूक बाजारपेठेतून. मी स्वतः हार घालीन!"

पुन्हा हशा. बाई हसल्या नाहीत. उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी ऐकलं?"

आमच्या भागात चार माणसांत, चहाच्या कपावर बोललेला शब्द परत घेता येत नाही. घेतला तर पुढच्या लग्नापर्यंत त्याची टिंगल होते. शेठना हे माहीत होतं. त्यांचा हलणारा पाय थांबला.

"झेंडूचा चालेल," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

गाडीमागची मिरवणूकही आवाज न करता जाईल, असं बाईंनी सांगितलं आणि वाडीत त्या संध्याकाळी कडाक्याचं भांडण झालं. बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर तरुण पोरं लाल झाली होती. त्यांचा म्होरक्या सुमेध ओरडला, "आपणच का मुक्याने जायचं? पालखीला ढोल आणि आपल्याला तोंडावर बोट? हा मान हाय की शिक्षा?" मी त्याच्या बाजूने होते. आजही तो प्रश्न चुकीचा होता असं मला वाटत नाही.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. "सुमेध, तुझं बरोबर आहे. कारणही बरोबर आहे. पण आवाज हे त्यांचं कारण आहे ना? मला ते त्यांच्या हातातून काढून घ्यायचंय. एकदा चाक गेलं की वाट पडते. पुढच्या वर्षी तू लेझीम आण, मी पुढे नाचते."

"नाचाल?"

"वाईट नाचते. पण नाचते."

पोयनाडच्या रस्त्याला मुश्ताकभाईंचं गॅरेज आहे. सगळ्या तालुक्यातली पोरं सायलेन्सर फाडून घ्यायला त्यांच्याकडे येतात. गाडी बघून मुश्ताकभाईंनी कपाळाला हात लावला. "माशाअल्ला, काय चीज हाय! बाई, फक्त हुकूम करा. असा आवाज बसवतो, अलिबागच्या किल्ल्यात ऐकू जाईल."

"मला उलटं हवंय."

"म्हंजे?"

"गाडी माणसाच्या चालीने चालली पाहिजे आणि शेजारून चालणाऱ्याला आपल्या चपलांचा आवाज ऐकू आला पाहिजे."

मुश्ताकभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "बाई, इतक्या वर्षांत असलं गिऱ्हाईक पहिलंच. सायकल घ्या ना मग."

पण कामाला लागले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्याच जातीच्या, अपघातात मोडलेल्या गाडीच्या मूळ रिमा आल्या, काळ्यांपेक्षा लहान. त्यांच्यावर जाड बाजूचे टायर बसले. बाईंना अजून लहान रिम हवी होती, म्हणजे टायर आणखी मऊ. पण मुश्ताकभाई म्हणाले, त्याहून लहान घेतली तर आतला ब्रेक रिमेला घासेल. बाईंनी कारण विचारलं, चाक काढून हात घालून बघितलं आणि मान्य केलं. एक्झॉस्ट सगळा नवा, स्टेनलेस स्टीलचा, कारण साधं लोखंड आपल्या हवेत टिकत नाही. सायलेन्सरचे दोन डबे, एक मधे, एक मागे. आणि पाइप पोटाशी उचलून वळवून घेतले, कारण आपल्याकडचे गतिरोधक.

तरीही सावकाश चालवताना गाडी घुमायची, बंद खोलीत भुंगा शिरावा तशी. मुश्ताकभाई म्हणाले, एवढं चालतं. बाई म्हणाल्या, एवढंच ऐकायला ते कान लावून बसलेत. मधला डबा बदलला. मग बाईंनी परीक्षा घेतली. शाळेच्या भिंतीमागच्या बोळातून, चौथीचे पाढे चालू असताना, गाडी हळूहळू नेली. मी व्हरांड्यात उभी. चौदाचा पाढा मधे तुटला नाही, एकही मान वळली नाही. परत आल्या तेव्हा बाईंच्या डोळ्यांत वर्गात पहिली आलेल्या मुलीसारखं काहीतरी होतं.

पोरांना गाडी निळी रंगवायची होती. बाईंनी साफ नकार दिला. गाडी पिकल्या कोकमाच्या रंगाची होती, तशीच राहिली. निळा झेंडा तेवढा पुढे लागला.

जयंतीच्या आदल्या दिवशी बाजारपेठेत, बरोब्बर शेठच्या दुकानासमोर, एक नवा गतिरोधक उगवला. कोणी घातला, कोणाला माहीत नाही. ग्रामपंचायतीला माहीत नाही, फौजदारांना माहीत नाही. आमच्याकडे गतिरोधक असेच येतात. पण हा चांगला नडगीला लागेल असा उंच, वरून टोकदार. गाडी बुटकी आहे हे ज्याला ठाऊक होतं त्यानेच तो घातला, असं माझं मत आहे. बाई जाऊन बघून आल्या. मुश्ताकभाईंना फोन केला.

ऊन कलल्यावर मिरवणूक निघाली. गाडीचं छत दुमडलेलं, मागच्या सीटवर सुटातली तसबीर उभी, मोगऱ्याचे हार. स्टिअरिंगवर बाई, पांढरी साडी. मागे पांढऱ्या साड्यांमधल्या बायका, त्यांच्यामागे पोरं, ओठ घट्ट मिटलेली. सुमेध सगळ्यात पुढे, झेंड्याजवळ. ढोल नाही, कर्णा नाही. बाजारपेठेत वळलो आणि खरंच चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. टायरखाली वाळू कुरकुरत होती. दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. एकाने रेडिओ लहान केला, का कोण जाणे.

गतिरोधकापाशी गाडी थांबली. शेठ दुकानाच्या पायरीवर, हाताची घडी. पोरं गाडी उचलायला धावली.

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मुश्ताकभाई गर्दीतून पुढे आले. स्वच्छ पांढरा सदरा घालून आले होते. तसेच रस्त्यावर पालथे झोपले, गाल डांबराला लावून गाडीच्या पोटाखाली बघू लागले. "तिरकी घ्या, बाई. एक एक चाक. आने दो... आने दो... थांबा. जरा डावीकडे. आने दो..." अख्ख्या बाजारपेठेत तेवढाच एक आवाज. पुढचं एक चाक चढलं, उतरलं. दुसरं चढलं. गाडी बोटीसारखी कलली, तसबीर कलली, सुमेधने हात पुढे केला आणि मागे घेतला. "जातेय, बाई, बोटभर जातेय... आने दो..." मागचं चाक उतरलं. काहीही घासलं नाही.

कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही. शब्द दिला होता.

आणि वरच्या खिडकीतून आवाज आला. "कोन हाय रं? मयत हाय का कुनाची?"

शेठची आई. पांढरे केस, गजाला धरून उभी.

शेठ वर बघून म्हणाले, "आत हो, आई. जयंतीची मिरवणूक आहे."

"जयंती? मंग अशी मुकी का चाललीय?"

"तुझ्या बीपीसाठी, आई!"

"माझ्या बीपीला काय झालंय? गोळी सकाळीच घेतली." म्हातारी खाली वाकून गाडी बघू लागली. "अगं बया, मास्तरीन चालवतेय! आगं ए पोरी, वाजव की काय तरी! शिमग्यापास्नं पलंगावर पडून हाय मी. सनाच्या दिवशी मानसं मुकी जात न्हाईत."

सगळी गल्ली बाईंकडे बघत होती. बाईंनी शेठकडे बघितलंसुद्धा नाही. वर बघून म्हणाल्या, "हे कारण पुरेसं आहे."

आणि ज्या बाईने जन्मात हॉर्न वाजवला नव्हता तिने तळवा दाबला तो दाबलाच. लांब, भरदार, बोटीच्या भोंग्यासारखा. त्यावर बायकांचा जयघोष उठला, पोरांचा उठला, सुमेध रडत ओरडत होता. म्हातारी गजाआडून टाळ्या वाजवत होती. "रमाकांता, हार बोललास ना रं तू? मला सगळं ठावं हाय!"

शेठ खाली उतरले. हार झेंडूचाच होता, दुकानात तयार ठेवलेला. म्हणजे शब्द पाळायची तयारी त्यांनी गतिरोधकाच्या आधी केली होती की नंतर, ते मला ठरवता आलेलं नाही. त्यांनी तो तसबिरीला घातला आणि वर न बघता परत पायरी चढले.

पुढच्या वर्षी लेझीम आलं. बाई पुढे नाचल्या. खरंच वाईट नाचल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं मांडव्याला. पाऊस संपून आकाश धुतल्यासारखं झालं होतं. त्या गाडी घेऊन मुंबईला गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटीवर चढत होत्या, तिथून पुढे नागपूरपर्यंत, एकट्या. डब्यात भाकरी आणि सुकट, पुढच्या सीटवर शेंगदाण्याची पुडी. "एवढ्या लांब एकट्या कशाला?" मी विचारलं. "ही एकदा तरी जशी बनलीय तशी चालू दे," म्हणाल्या. बोटीच्या फळीवरून गाडी आत गेली, इतकी शांत की पुढचा खलाशी बाजूला होईना. बाई त्याच्या मागे थांबून राहिल्या. हॉर्न वाजवला नाही. त्याने मागे वळून बघितलं, दचकला, हसला आणि वाट दिली.

नागपूरहून त्या सुखरूप परत आल्या. दिवाळीच्या आधी झोपेतच गेल्या. मी तेव्हा गावात नव्हते. गाडी आता विहाराशेजारी शेडमध्ये आहे, मुश्ताकभाई येऊन तिला सुरू करून जातात. जयंतीला सुमेध चालवतो.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या गावातही सणावाराआधी शांतता समितीची बैठक भरते. तुम्हाला बोलावणं नसेल तरी जा. मागच्या बाकावर बसा. मार्ग वाचून दाखवतील, त्यातून कोणती गल्ली वगळली आहे ते नीट ऐका. मग उभे राहा, आवाज न चढवता म्हणा, "कारण सांगा." आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.